तिसरा गिअर

एवारिश्तू टोरांटोला निघाला तेव्हा
विकण्यासारखं त्याच्याकडे एवढंच होतं:
तांबडी, बुटकी, मागे दार नसलेली सुझुकी,
चाकावरच्या पत्र्याला नाण्याएवढा गंज.
दोन हजार तीनशे युरो, म्हणाला,
आणि म्हणताना माझ्याकडे पाहिलं नाही.
मी तीन हप्ते मागितले.
चीजच्या कारखान्यात सव्वीस वर्षं झाली मला,
हप्ते कसे मागायचे ते येतं.

शेजारच्या लुर्दिशने गॅलरीतून विचारलं,
अगं, या वयात? आणि ही?
बटाट्याची पोती मावतील अशी घ्यायची.
मावतात पोती.
मागची सीट पाडली की दोन.
तिसरं पुढे बसवते, पट्टा लावून,
नाहीतर वळणावर माझ्या अंगावर येतं.

जाण्याआधीच्या रविवारी, चर्चमागच्या मैदानात
त्याने मला चवडा आणि टाच शिकवली:
चवडा ब्रेकवर, टाच तिरकी ॲक्सिलरेटरवर,
इंजिन खाकरेल, मग गिअर टाक, मावशी.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
या गाडीत पसरायला जागाच नाही,
म्हणून मी पायाचा तेवढाच भाग वापरते.

नॉर्देश्तला सरकारने नवा रस्ता दिला आहे,
पूल, बोगदे, सगळं सरळ.
मी जुन्याने जाते.
पहाटे साडेचारला धुकं डोंगरावरून उतरून
थेट रस्त्यात बसलेलं असतं,
दोन्ही बाजूंना हायड्रेंजियाच्या भिंती
दिव्यात क्षणभर निळ्या, मग नाहीतच.
ऐंशीच्या वर मी कधी गेले नाही.
पण ऐंशीत सीटखालून खडी कळते,
डांबराचं ठिगळ कळतं,
काल कुणाच्या ट्रॅक्टरमधून चिखल सांडला तेही.
नवरा होता तेव्हा आमची मोठी गाडी होती.
तिच्यातून मला रस्ता कधी कळला नाही,
मी शेजारी बसायचे आणि पिशव्या धरायचे.

मग साल्गाच्या अलीकडे औरेलियूच्या गाई येतात.
एकशे पंचवीस घोडे माझ्याकडे
आणि समोर बत्तीस गाई.
मी इंजिन बंद करते.
औरेलियू टोपीला हात लावतो, घाई करत नाही.
एक ठिपक्यांची रोज बॉनेटपाशी थांबते,
गरम पत्र्यावर हनुवटी टेकवते,
तिथला रंग आता जरा फिका पडलाय.
तिचंच दूध दुपारी माझ्या हाताखालून जाणार,
तेव्हा मी काय भांडू?

पेट्रोल वीस युरोंचं, दर शुक्रवारी.
एकविसावा युरो मी कधी टाकत नाही.
पंपावरचा मुलगा आता विचारतही नाही,
नुसता काटा बघतो आणि हसतो.

एवारिश्तू रविवारी फोन करतो,
माझं जेवण झालेलं, त्याची नुकतीच उठायची वेळ.
भिंती लावायचं काम आहे, बर्फ आहे,
कंपनीची गाडी आहे, घराएवढी, ऑटोमॅटिक.
डाव्या पायाला काम नाही इथे, म्हणतो,
झोपून जातो तो.
मग जरा थांबून:
चालू कर ना, मावशी.
मी चप्पल घालते, खाली जाते,
फोन सायलेन्सरपाशी धरून उकिडवी बसते.
लुर्दिश वरून बघते. बघू दे.
मी हात लांबवून ॲक्सिलरेटर दाबू शकत नाही,
म्हणून तिलाच खाली बोलावते,
ती स्वयंपाकाच्या ॲप्रनमध्ये आत बसते
आणि गरजेपेक्षा जास्त दाबते.

काल त्याने विचारलं,
कारंज्याच्या वळणाला काय लावतेस?
तिसरा, म्हटलं.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मला वाटलं रेंज गेली.
मग म्हणाला, मी कायम दुसऱ्यातच घ्यायचो.
तिसऱ्यात ती बाहेर फेकते, असं वाटायचं मला.

नाही फेकत, म्हटलं.

पुढचे दोन टायर मी नवे घातलेत,
ते नाही सांगितलं.